कमरेचा पाचवा मणका

थियन-लायच्या बापाचा धंद्यातला एक नियम होता. मोजणी मनात करायची आणि 'पूर्ण' तेवढं मोठ्यांदा म्हणायचं.

बाप अस्थी सावडणारा, आजाही सावडणारा. माणूस पुरला की सहा-सात वर्षांनी थडगं उघडायचं. मातीनं साफ करून ठेवलेली हाडं एकेक करून उचलायची, घासायची, वाळवायची आणि रांजणात रचायची. गुडघे पोटाशी घेऊन माणूस बसतो तशी, पाय तळाशी आणि कवटी सगळ्यांत वर. पाठीचे मणके वाळुंजाच्या फांदीत ओवायचे, म्हणजे मेलेला माणूस रांजणात ताठ बसतो. हाडाला हाड म्हणायचं नाही, सोनं म्हणायचं. रचून झालं की घरातलं कुणीतरी तीनदा विचारतं, "पूर्ण?" आणि सावडणारा तीनदा सांगतो, "पूर्ण." मग झाकण बसतं. दक्षिण तैवानातल्या त्या लाल मातीच्या टेकडीवर थियन-लायनं आयुष्यात दोन हजारांवर वेळा हा शब्द उच्चारला होता, आणि त्यातल्या किती वेळा तो खरा होता, याचा हिशेब त्यानं कधी केला नव्हता.

कारण मणके नेहमी चोवीस भरत नसत. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच. बापानं दोन्ही पोरांना हे न्याहारीच्या वेळी शेंगदाण्यांवर शिकवलं होतं. पेजेच्या वाडग्याशेजारी चोवीस दाणे मांडायचे, बरोबर मोजले तर खायचे, चुकले तर बाप खाणार. थडग्यात मात्र कधी तेवीस निघत, कधी पंचवीस. त्यावरही बापाकडे तोडगा होता. "कमी पडला तर मातीनं खाल्ला. जास्त झाला तर शेजारचा आला." टेकडीवर थडगी इतकी दाटीवाटीनं होती की शेजारचा येणं अगदीच अशक्य नव्हतं. हा जादा मणका सावडणारा गुपचूप बाजूला काढी आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. वर्षाला असे पाच-सहा जमत. सातव्या महिन्यात, भुतांना जेवण घालतात तेव्हा, तो डबा नदीकाठच्या बेवारशांच्या देवळात नेऊन तिथल्या तळघरात रिकामा करायचा. ज्यांना कुणी नाही त्यांची हाडं तिथं ढिगानं पडलेली असतात. घरच्यांना यातलं काही कळत नसे. त्यांना मोजताच कुठं येत होतं?

मोजता येत होतं ते फक्त धाकट्याला, बान-कीला.

बान-की आता सात वर्षं त्याच टेकडीवर मातीखाली होता. एका सकाळी त्याची मुलगी बी-गिम थियन-लायच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फळांची पिशवी. शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरी करणारी, बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, पण उंबऱ्याबाहेर थांबण्याची तऱ्हा थेट बापाची.

"मोठे काका, बाबांना सात वर्षं झाली."

"माहीत आहे."

"सावडायला हवं."

"मी सोडलं ते काम. गुडघे वाकत नाहीत. आणि आता कोण पुरतंय? सगळे जाळतात. तुझ्या बापालाच काय पुरायचं सुचलं कोण जाणे."

"मी म्हटलं होतं त्यांना. ऐकले नाहीत. पुरायचंच, म्हणाले. आणि वेळ झाली की दादानंच सावडायचं. दुसऱ्या कुणाचा हात लावू द्यायचा नाही."

आतून गिन-होचा आवाज आला. थियन-लायची बायको भाजी चिरताना सगळं ऐके आणि चाकू न थांबवता बोले. "मरेपर्यंत अठरा वर्षं उंबरा चढला नाही तुझा बाप. हाडं उचलायला बरा दादा आठवला."

"एकदा चढला होता," थियन-लाय म्हणाला.

चाकू क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

झालं होतं ते असं. त्यांची आई गेली तेव्हा थियन-लाय चौतीस वर्षांचा होता. सात वर्षांनी त्यानं तिचं थडगं उघडलं. त्या वेळी बान-की साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या कामावर होता आणि विशीपासूनच त्याची कमर दुखे. साधं दुखणं नव्हे. काही दिवस त्याला मोजेही वाकून घालता येत नसत. औषधी लेप झाले, मालिश झालं, सुया झाल्या. शेवटी देवळातल्या अंगात येणाऱ्यानं सांगितलं, तुझ्या आईची कमर मातीत नीट टेकलेली नाही, म्हणून तुझी दुखते. तिला वर काढा. बान-कीचा त्यावर ठाम विश्वास बसला. बसणारच. जिथं दुखतं तिथं माणूस कशालाही हात घालतो.

म्हणून त्या दिवशी बान-की काळी छत्री धरून खड्ड्याच्या काठावर उभा होता. सोन्यावर ऊन पडू द्यायचं नसतं. दादाच्या हातातून एकेक मणका सुपात पडे आणि वर बान-कीचे ओठ हलत. सात. बारा. मग कमरेचा एक, दोन, तीन, चार.

"पाचवा कुठाय?"

"असेल मातीत."

नव्हता. थियन-लायनं दुपारपर्यंत माती उपसली, चाळणीनं चाळली, बोटांनी ढेकळं फोडली. हाताच्या नखाएवढी हाडं सापडली, आईच्या कानातली कडी सापडली. मणका सापडला नाही.

"मातीनं खाल्ला असेल," तो बापाचं वाक्य म्हणाला.

"मातीनं बोटांची पेरं ठेवली आणि कमरेचा मणका खाल्ला?" छत्रीखालून बान-की म्हणाला. "दादा, नेमका कमरेचा? तू मघाशी माती बाहेर फेकत होतास. हरवलास तू."

हे बाकी कुणी म्हटलं असतं तर थियन-लाय हसून सुपारी चघळत बसला असता. पण ज्याच्या शब्दावर सगळं गाव आपले मेलेले सोपवतं, त्यानं स्वतःच्या आईचं सोनं हरवलं, असं त्याचा सख्खा भाऊ टेकडीवर उभा राहून म्हणाला होता. त्याला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरंच हरवला असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच नदीकाठच्या देवळात गेला. तळघराचा दगड सरकवला. सगळ्यांत वर त्यानंच महिन्यापूर्वी रिकाम्या केलेल्या डब्यातली हाडं होती. त्यातला कमरेचा एक मणका त्यानं उचलला, आकारानं आईचा शोभेल असा. पण तो पांढरट होता आणि आईची हाडं लाल मातीनं तांबूस झालेली. घरी येऊन त्यानं किटलीत दाट चहा उकळला, मणका त्यात बुडवून ठेवला, मग लाल चिखलात घोळवला आणि उन्हात वाळवला. रंग जमला. टेकडीवर बान-की आला तेव्हा थियन-लायनं तळहात पुढे केला. "सापडला. उंदराच्या बिळात गेला होता."

बान-कीनं तो हातात घेतला, फिरवला आणि नाकाशी नेला. 

"दादा, आईनं जन्मात चहा घेतला नाही. तिला पित्त व्हायचं."

"काय म्हणायचंय तुला?"

"हा आईचा आहे?"

"आईचाच आहे. आईची शपथ."

"टाक मग फासे. विचारू तिलाच."

मेलेल्याला काही विचारायचं तर लाकडाचे दोन चंद्रकोरी फासे जमिनीवर टाकतात. एक उताणा, एक पालथा पडला की 'हो'. थियन-लायनं फासे टाकले नाहीत. माझ्या शब्दावर भरवसा नाही का, असं म्हणून तो ओरडला आणि ओरडत ओरडतच त्यानं तो मणका फांदीत ओवला, चारांच्या खाली, पाचवा. त्रिकास्थी, म्हणजे कमरेखालचं पाचरीसारखं हाड, ज्याला सावडणारे 'बैठक' म्हणतात, ते मोजणीत धरायचं नसतं. ते त्यानं मातीसकट कमरेच्या हाडांबरोबर आधीच रांजणात ठेवलं होतं. कवटी ठेवली. बान-कीनं 'पूर्ण?' असं विचारलं नाही. थियन-लायनं न विचारताच तीनदा उत्तर दिलं आणि झाकण लावलं.

"आईच्या कमरेत तू परका माणूस घातलास," बान-की म्हणाला, छत्री मिटली आणि टेकडी उतरून गेला. त्यानंतर एका ताटात ते दोघं कधी जेवले नाहीत. नववर्षाला नाही, पोरांच्या लग्नांना नाही. गावात दोघांच्या घरांत चालत दहा मिनिटांचं अंतर होतं.

आणि तो एकदा चढला होता उंबरा, ते तेरा वर्षांनी. थंडीचे दिवस होते. हातात मोठं तपकिरी पाकीट. चालताना एका बाजूला कलत होता, कारखान्यात आता त्याला ऊस उतरवायचं नाही, नुसतं गाड्यांना हाक मारून पुढे घ्यायचं काम दिलं होतं म्हणे. गिन-होनं गडबडीनं चहा ओतला. चहाला त्यानं हात लावला नाही.

"दादा, एकच विचारतो. तो आईचा होता का?"

तेरा वर्षं थियन-लायनं या प्रश्नाची वाट पाहिली होती असं म्हटलं तरी चालेल. किती वेळा त्यानं मनातल्या मनात सांगून टाकलं होतं. पण दारात उभा असलेला भाऊ दिसला आणि त्याला वाटलं, हा आलाय तो मला वाकवायला. नाही म्हटलं की हा म्हणणार, म्हणजे हरवलास ना, कबूल कर.

"आईचाच," तो म्हणाला.

बान-कीनं पाकीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

"काहीतरी दाखवायला आणलं होतं बहुतेक," गिन-हो म्हणाली.

"जमिनीचे कागद असतील. वाटणी हवी असेल." थियन-लायनं भावाचा गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला होता. पुढं पाच वर्षांनी बान-की पोटाच्या दुखण्यानं गेला. थियन-लाय उदबत्ती लावायला गेला, लावली, कुणाशी न बोलता परत आला.

आता बी-गिम दारात उभी होती.

"कधीचा मुहूर्त?" त्यानं विचारलं.

तिनं तारीख सांगितली. गिन-हो बाहेर आली, तिच्या हातातली फळांची पिशवी घेतली आणि म्हणाली, "आत तरी ये. तुझ्या बापासारखी उंबऱ्यावर वाढू नकोस."

तिसऱ्या महिन्यातली सकाळ होती. टेकडीवर दोघंच. खड्डा बी-गिमनं एका मजुराकडून आदल्या दिवशी अर्धा उकरून घेतला होता. उरलेलं थियन-लायनं गुडघ्यांना शिव्या देत केलं. पेटीचं झाकण मऊ पडलं होतं, हातानंच निघालं. बी-गिमनं छत्री धरली. तिनं तोंड फिरवलं नाही, रडलीही नाही. सोनं चांगलं उतरलं होतं, कोरडं, तांबूस. भावाच्या डाव्या हाताचं मोडून जुळलेलं हाड दिसलं. लहानपणी चिंचेवरून पडला होता तेव्हाचं ते. ते हातात घेऊन थियन-लायला उगाचच खोकला आला.

मग तो मणक्यांना लागला. सात. बारा. एक, दोन, तीन, चार.

त्याचा हात पाचव्यासाठी मातीत गेला आणि तिथंच राहिला.

पाचवा नव्हता. त्यानं बोटं खोल खुपसली, मूठभर माती वर काढली, कुस्करली. नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वीची तीच सकाळ, तीच लाल माती, तीच काळी छत्री.  पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हे, की बान-की बदला घेतोय. मेल्यावरही चेष्टा करतोय. चाळणीसाठी त्यानं हात लांब केला आणि मग त्याला बापाचा नियम आठवला. मोजणी मनात. ह्या पोरीला काय कळतंय? ओवावेत आहेत तेवढे, आणि म्हणावं पूर्ण.

"किती झाले?" वरून बी-गिम म्हणाली.

"तुला काय करायचंय?"

"सात, बारा, पाच. बाबांनी शिकवलंय. शेंगदाण्यांवर."

थियन-लाय खाली बसला. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. आणि खरं सांगायचं तर ताकदही नव्हती.

"तेवीस," तो म्हणाला. चाळीस वर्षांत मोजणीचा आकडा त्यानं पहिल्यांदाच मोठ्यांदा म्हटला. "पोरी, तेवीसच आहेत. मी हरवला नाही. तू बघत होतीस ना? माझा हात तू बघत होतीस."

"बघत होते."

"मी हरवला नाही."

"बाबा म्हणाले होते, कमी पडला तर दादा चाळणी घेईल. त्याला म्हणावं, माती चाळू नकोस. बैठक धू."

त्याला काही समजलं नाही. पण कुणीतरी काय करायचं ते सांगतंय एवढ्यावरच तो हलला. कमरेखालचं ते पाचरीसारखं हाड त्यानं उचललं. चिखलानं बरबटलेलं होतं, नेहमीच असतं. ते कुणी नीट धूत नाही, रांजणात खालीच जायचं असतं. त्यानं बाटलीतलं पाणी ओतलं, ब्रश फिरवला. या हाडाला दोन बाजूंनी भोकं असतात, नसा जायची. बांबूच्या काडीनं तो एकेक भोक उकरू लागला. एक जोडी. दोन. तीन. चार. इतकी असतात, हे त्याला हाताच्या सवयीनं ठाऊक होतं.

काडी आणखी एका जोडीत गेली.

त्यानं हाड छत्रीच्या सावलीतच वर धरलं. सगळ्यांत वरचा थर वेगळा होता. तो मणकाच होता. त्याचे दोन्ही पंख पसरून खालच्या हाडात विरघळले होते. मधे फक्त एक बारीक रेघ, वाफवताना एकमेकांना चिकटलेल्या दोन पावांच्या मधे असते तशी. हा काही मातीत चिकटला नव्हता. भाऊ चालत होता, ऊस उचलत होता, लग्न करत होता, तेव्हापासून हा असाच होता. जन्मला तेव्हापासून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आईचा पाचवा त्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं, मातीसकट, रांजणात ठेवला होता. मणके मोजायच्याही आधी. आणि मग तो दुपारपर्यंत माती चाळत बसला होता.

बी-गिमनं छत्री खांद्याशी टेकवली आणि पिशवीतून तपकिरी पाकीट काढलं. कोपरे झिजले होते. आतून तिनं क्ष-किरणाचा काळा कागद काढून आकाशाकडे धरला. भावाची कमर, भाऊ जिवंत असतानाची. थियन-लायनं चार मोजले आणि पाचवा खाली बसलेला पाहिला.

"कमरेसाठी मोठ्या हॉस्पिटलात गेले होते," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं आहे. शंभरात दहा-बारा लोकांचं खाली काही ना काही वेगळं असतं. कुणाचा पाचवा खालच्याला चिकटलेला, कुणाला सहावा सुटा. बहुतेकांना मरेपर्यंत कळतसुद्धा नाही, काहींचं दुखतं. बाबांचं दुखणाऱ्यातलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? चालतं म्हणे कधी कधी घराण्यात. बाबा म्हणाले, आईला होतं. आणि तिथून उठून थेट तुमच्याकडे आले."

"माझ्याकडे."

"तुम्हाला दाखवायला. तुम्ही हरवला नव्हता हे सांगायला."

थियन-लायनं हातातलं हाड मांडीवर ठेवलं. "मग दाखवलं का नाही?" त्याचा आवाज चढला. "पाकीट काखेत होतं त्याच्या! दाखवायचं, तोंडावर फेकायचं माझ्या. विचारत काय बसला?"

"मीही हेच म्हटलं होतं. ते म्हणाले, मी आधी विचारायला नको होतं. पण विचारलं. आणि दादा आईचाच म्हणाला. आता त्याला हे दाखवलं तर तो खोटा ठरेल माझ्यासमोर, आणि वर मी त्याला पकडायला आलो असं होईल. नको म्हणाले."

 थियन-लायला फार वाईट वाटत होतं, आणि भावाचा रागही येत होता. इतकं समजूतदार असायची काय गरज होती त्याला? दोन शिव्या दिल्या असत्या तर निदान रडारड होऊन सगळं संपलं असतं.

आणि मग, उशिरा, दुसरं ते सुचलं. कुणाला सहावा सुटा. त्याला बिस्किटांचा डबा दिसला. वर्षाला पाच-सहा, चाळीस वर्षं, त्याआधी बापाची चाळीस. शेजारचा आला, शेजारचा आला म्हणत काढलेले. कुणीच आलं नव्हतं शेजारून. ज्याचा होता त्याच्याच पाठीतून काढून तो बेवारशांच्या ढिगात टाकून आला होता, आणि घरच्यांकडे वळून म्हणाला होता, पूर्ण. त्यानं तोंडातली सुपारी थुंकली.

"काका, ओवा ना," बी-गिम हळूच म्हणाली. "ऊन चढतंय."

त्यानं ओवले. तेवीस मणके वाळुंजाच्या फांदीत, आणि खाली बैठक अशी टेकवली की रेघ वर दिसेल. पाय, मांड्या, कंबर, पाठ, बरगड्या, हात. एकेका हाडाला शेंदराचा ठिपका. भाऊ रांजणात ताठ बसला. कवटी तेवढी अजून थियन-लायच्या हातात होती.

"आता शेवटचं एक," बी-गिम म्हणाली. "हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी फक्त विचारायचं असं ठरलंय. दादा, तो आईचा होता का?"

टेकडीखाली रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. थियन-लायनं कवटीवरची माती अंगठ्यानं पुसली. पुसायला तशी काही उरली नव्हती.

"नव्हता," तो म्हणाला.

एकदा निघाल्यावर सगळंच निघालं. देवळाचा दगड, किटली, चहा, चिखल, उंदराचं बीळ. त्यानं ते बी-गिमला सांगितलं नाही, हातातल्या कवटीला सांगितलं, आणि मधे मधे तो "तुला कळलंच होतं म्हणा" असं म्हणत राहिला.  संपल्यावर बी-गिमनं पिशवीतून दोन चिठ्ठ्या काढल्या. अस्थिगृहातल्या, म्हणजे रांजण ठेवायच्या मजल्यांच्या इमारतीतल्या, जागांच्या होत्या.

"ही सातव्या मजल्यावरची. तुम्ही हो म्हणाला असतात तर बाबांना तिथं ठेवायचं होतं, एकट्याला. ही तिसऱ्या मजल्यावरची, आजीशेजारची." तिनं सातव्या मजल्याची चिठ्ठी घडी करून, मेलेल्यांसाठी जाळतात त्या कागदी नोटांच्या ढिगात खोचली, जाळायला. "तो परका आज काढाल ना?"

"काढतो."

त्यानं कवटी ठेवली. बी-गिमनं विचारलं, "पूर्ण?"

"तेवीस. पूर्ण."

तिनं तीनदा विचारलं आणि त्यानं तीनदा आकड्यासकट सांगितलं.

दुपारी अस्थिगृहात, आईच्या कोनाड्यापुढे, त्यानं तिचं झाकण उघडलं. पंचवीस वर्षांत आईची हाडं फिकट झाली होती. चहात रंगवलेला तेवढा एक मणका अजून काळपट होता, लांबूनही वेगळा दिसणारा. तो त्यानं फांदीवरून सोडवला, उरलेले चार बैठकीवर टेकवले. बैठकीवरचा चिखल वाळून पापुद्रे निघाले होते, भोकं मोकळी दिसत होती. त्यानं मोजली नाहीत. बी-गिमनं मोजली, ओठ हलवत.

परक्याला घेऊन तो नदीकाठच्या देवळात गेला. तळघराचा दगड सरकवला, आत पाहिलं आणि हात खिशातून बाहेरच येईना. इतकी वर्षं जिथं तो हाडं टाकत आला होता तिथं हे एक टाकणं त्याला जमलं नाही. दगड पुन्हा लावून तो घरी आला.

गिन-होनं संध्याकाळच्या जेवणाची मांडामांड केली होती. त्यानं खिशातला मणका काढून शेंगदाण्यांच्या वाटीशेजारी ठेवला. ती दचकली नाही. सावडणाऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई ती.

"हा कुणाचा?"

"कुणाचा तरी," थियन-लाय म्हणाला. "मीच काढला होता त्याचा. आणि त्याच्या घरच्यांना तीनदा सांगितलं, पूर्ण."